दिसलं तरच बटण दाबा

मराठी वाक्यात कळीचा मजकूर उजव्या टोकाला असतो. विभक्तीचा प्रत्यय शब्दाच्या शेवटी, क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि नकार तर बहुतेक वेळा त्याच्याही पुढे. इतकी वर्षं मुद्रितशोधन करते आहे, व्याकरण म्हणून हे सगळं पाठ होतं. ते अंगावर आलं गेल्या पावसाळ्यात, उजवीकडचं दिसेनासं झाल्यावर.

सकाळी उठून आरोग्यविषयक पुस्तकाचं दुसरं प्रूफ घेऊन बसले होते. 'ही गोळी उपाशीपोटी घेतली तर चालते' असं वाचलं आणि पुढचं वाक्य त्याच्याशी जुळेना. मान जराशी वळवून पुन्हा वाचलं. कागदावर 'चालत नाही' होतं. मग लक्षात आलं, की ओळी संपायच्या आधीच संपतायत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, ती दिसत होती. काना आणि दीर्घ वेलांटी उजवीकडे, ते गळत होते. 'घराला', 'घराने', 'घरात' यांतलं 'घरा' तेवढं हाती लागायचं. आणि उरलेलं मन स्वतःच भरून टाकत होतं, मला न विचारता. 'चालत'चं 'चालते' त्यानेच केलं होतं.

वाटलं, उजव्या डोळ्याला काहीतरी झालंय. उजवा डोळा तळहाताने झाकला. उजवीकडचं तरीही गायबच. मग डावा झाकला. तेच. चूक एका डोळ्यात असती तर तो झाकल्यावर नाहीशी व्हायला हवी होती. हे यजमानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चष्म्याच्या दुकानात नाही, सरळ हॉस्पिटलात जायचं." तोंड वाकडं झालं नव्हतं, हातपाय चालत होते, बोलणं स्वच्छ होतं, कुठे दुखतही नव्हतं. अशा वेळी पक्षाघाताची शंका फार थोड्यांना येते. म्हणून मुद्दाम लिहिते: अचानक दिसण्यात फरक पडला तर एकेक डोळा झाकून पाहा, आणि न थांबता दवाखाना गाठा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मी उठले तीच हे घेऊन, त्यामुळे सुरुवात नक्की कधी झाली ते कुणालाच सांगता येईना आणि मला ते औषध देता आलं नाही.

एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला, रक्तपुरवठा तुटलेला दिसला. हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. तिथे तयार झालेली गुठळी वर गेली असणार, असं डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ करणारी गोळी तेव्हापासून सुरू आहे.

वॉर्डात न्यूरॉलॉजिस्टनी माझ्या हातात पेन दिलं आणि एक वाक्य लिहायला सांगितलं. लिहिलं. मग तेच वाचायला सांगितलं. अडखळत, पण वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. कारण नंतर कळलं. मेंदूच्या याच भागातली इजा जरा आत गेली, तर माणूस लिहू शकतो पण स्वतःचंच लिहिलेलं वाचू शकत नाही. फ्रेंच डॉक्टर देजरीन यांनी १८९२ मध्ये असा रुग्ण नोंदवला होता. माझी अक्षरओळख शाबूत होती. मुद्रितशोधकाला याहून मोठी बातमी काय असणार!

खरी परीक्षा पुढे होती, ती म्हणजे फील्ड टेस्ट, नजरेचा आवाका कुठवर आहे ते मोजणारी तपासणी. काचबिंदूच्या रुग्णांना हे यंत्र ओळखीचं असेल. पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण. टेस्ट घेणारी मुलगी म्हणाली, "काकू, समोरच्या पिवळ्या दिव्याकडेच बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबा. अंधुक दिसला तरी दाबा, पण दिसला तरच दाबा. अंदाजाने नको."

यंत्रही याची खातरजमा करत असतं. प्रत्येक डोळ्यात, जिथून दृष्टितंतू बाहेर पडतात तिथे, मध्यापासून सुमारे १५ अंश बाहेरच्या बाजूला, निरोगी माणसालाही काही दिसत नाही. यंत्र अधूनमधून नेमका त्या जागी ठिपका टाकतं. तुम्ही बटण दाबलंत, तर नजर हललेली असते. ठिपका न टाकताही ते वाट बघतं आणि तेव्हा दाबलेलं बटण खोटं म्हणून नोंदवतं. मला ही पद्धत मनापासून आवडली. वाचणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबायचं नाही, हे आमच्या धंद्यातही पहिलंच तत्त्व आहे.

डावीकडचे ठिपके येत होते, मी दाबत होते. उजवीकडे सगळं शांत. आणि मध्येच कधीतरी उजवीकडे काहीतरी 'झालं'. ठिपका नाही, उजेड नाही, रंग नाही. नुसतं झालं. बोट बटणावर गेलं आणि थांबलं. दिसलं का? नाही. म्हणजे दाबायचं नाही. मी दाबलं नाही.

छापून आलेल्या कागदावर दोन्ही डोळ्यांचे नकाशे होते. दोन्हींचा उजवा अर्धा भाग काळा, मधून सरळ उभी रेघ, केंद्रालगत थोडीशी जागा वाचलेली. डॉक्टरांनी त्याच कागदाच्या मागे चित्र काढून समजावलं. दृश्याची उजवी बाजू दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर डावीकडे पडते आणि तिथले तंतू मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात जातात. प्रत्येक डोळ्यातून एकूण सुमारे दहा लाख तंतू निघतात. त्यातले बहुतेक मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधल्या एका थांब्यावरून डोक्याच्या पार मागे, मेंदूतल्या प्राथमिक दृष्टिकेंद्रात पोचतात. माझं तेच जळालं होतं. डोळे, पडदे, तंतू सगळे ठणठणीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सगळे विचारतात. तो कागद काळा आहे, मला मात्र काळं दिसत नाही. आत्ता तुम्हाला तुमच्या पाठीमागे काय दिसतंय? काळोख नाही दिसत, काहीच नाही. माझी उजवी बाजू तशी आहे. उलट कितीदा तरी तिथे पूर्ण चित्र असल्यासारखं वाटतं. भिंतीवरच्या घड्याळाच्या मध्यावर नजर ठेवली की मला अख्खं वर्तुळ दिसतं, मात्र काटा तीनवर असला तर तो सापडत नाही. जर्मन डॉक्टर पॉपेलरॉयटर यांनी पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांमध्ये हे भरून काढणं पाहिलं आणि १९१७ मध्ये लिहून ठेवलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. धडधाकट डोळ्यांनी वाचतानाही हेच चालतं. 'प्रतिनिधी'तला एक 'नि' कंपोझमध्ये पडला, तरी दहापैकी नऊ वाचक तो वाचून जातात. मन आधी अपेक्षा करतं, मग डोळ्यांकडून होकार घेतं. मुद्रितशोधकाचं सगळं शिक्षण म्हणजे या भरून काढण्याला अडवायचं शिक्षण. आता ते भरणं वाढलं होतं आणि पडताळायला समोर अर्धाच कागद होता.

घरी आल्यावर ते 'झालं' पुन्हा जाणवू लागलं. उजवीकडचा पडदा वाऱ्याने उडाला की काहीतरी झालं. कुणी जवळून गेलं की झालं. कोण गेलं, कोणत्या रंगाचे कपडे होते, काही नाही. माझी भाची ऑक्युपेशनल थेरपी शिकते. तिला सांगितलं तेव्हा ती ताडकन उठली. "मावशी, याला नाव आहे गं, रिडॉक फिनॉमिनन!" ब्रिटिश लष्करी डॉक्टर जॉर्ज रिडॉक यांनी, पुन्हा त्याच १९१७ साली, मेंदूच्या मागच्या भागात जखमा झालेल्या सैनिकांबद्दल लिहिलं होतं, की आंधळ्या बाजूला स्थिर वस्तू दिसत नाही, पण ती हलली की हालचाल तेवढी कळते. आकाराशिवाय, रंगाशिवाय. एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या दोन सैन्यांचे डॉक्टर एकाच वर्षी एकाच प्रकारच्या जखमांतून अशी ज्ञानाची टोकं गोळा करत होते, हे वाचून मी बराच वेळ स्तब्ध झाले. दृष्टिकेंद्राचा नकाशासुद्धा अशाच जखमांमधून आला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात गोळी डोक्यातून आरपार गेलेल्या सैनिकांना तपासून तात्सुजी इनोऊये या जपानी नेत्रवैद्यांनी तो मांडला.

भाचीने मग मला डी. बी. या आद्याक्षरांनी नोंदलेल्या एका रुग्णाची हकीकत सांगितली, आणि माझ्या बटणाचा प्रश्न नीट उभा राहिला. लंडनमध्ये शस्त्रक्रियेत या माणसाचं मेंदूतलं उजव्या बाजूचं दृष्टिकेंद्र काढावं लागलं होतं, त्यामुळे डावीकडचं दिसत नव्हतं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइसक्रांझ आणि सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली आणि १९७४ मध्ये ती प्रसिद्ध केली. 'दिसतं का?' विचारलं की उत्तर 'नाही'. मग त्याला सांगितलं, दिसत नसू दे, दिवा कुठे लागला असेल तिकडे बोट दाखव; रेघ उभी असेल की आडवी, ते अंदाजाने सांग. आणि अंदाज कितीतरी जास्त वेळा बरोबर येत गेले. निकाल दाखवल्यावर तो स्वतःच चकित झाला. त्याच्या लेखी तो नुसते अंदाज करत होता.

म्हणजे दवाखान्यातलं यंत्र मला सांगत होतं 'अंदाज नको', आणि वाइसक्रांझ सांगत होते 'अंदाजच हवा'. मेंदू तोच, ठिपका तोच. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. 'रुग्णाला दिसत नाही' हे वाक्य अपुरं आहे. त्याला काय विचारलं होतं ते शेजारी लिहायला हवं.

आम्ही घरी करून पाहायचं ठरवलं. समोरच्या भिंतीवर लाल टिकली लावली, मी तिच्याकडे बघत बसायचं. भाची माझ्या उजवीकडे काळ्या पुठ्ठ्यासमोर काडीला लावलेला पांढरा गोल वर-खाली किंवा आडवा हलवणार. कोणता, हे दर वेळी नाणं उडवून ठरवणार. मी अंदाज सांगायचा, यजमान वहीत लिहिणार. पहिल्या संध्याकाळी माझी उत्तरं फारच छान आली. यजमान खूश. भाची मात्र खूश नव्हती. तिने बांगड्या काढल्या, कारण वर-खाली हात हलला की त्या वाजतात. पंखा लावला, कपड्यांची सळसळ ऐकू येऊ नये म्हणून. माझ्या डोळ्यांवर मोबाइलचा कॅमेरा लावला आणि नजर ढळलेली प्रत्येक खेप बाद केली. खोलीतले सगळे दिवे लावले, कारण अंधारात उजळ वस्तूचा उजेड डोळ्याच्या आत पसरून चांगल्या बाजूवर सांडतो आणि माणूस त्यावरून ओळखतो.

हा शेवटचा आक्षेप पुस्तकी नव्हे. कॅम्पियन, लॅटो आणि स्मिथ या संशोधकांनी १९८३ मध्ये अशा बरोबर येणाऱ्या अंदाजांबद्दल नेमकं हेच म्हटलं होतं: सांडलेला उजेड असेल, जखमेत मेंदूची वाचलेली बेटं असतील, किंवा माणसाला अगदी पुसट दिसत असेल आणि तो सावधपणे 'नाही' म्हणत असेल. सांडलेल्या उजेडावर वाइसक्रांझ यांची युक्ती मला फार सुंदर वाटते. त्यांनी तोच दिवा डी. बी. यांच्या डोळ्यातल्या नैसर्गिक आंधळ्या बिंदूवर टाकून पाहिला. उजेड सांडून ओळखता येत असेल, तर तिथेही ओळखता यायला हवं होतं. तिथे आलं नाही. पुसट दिसण्याचा आक्षेप मात्र आजही जिवंत आहे आणि त्यावर अभ्यासक भांडतायत. बटणावर थांबलेलं माझं बोट आठवलं की मला हे भांडण रास्त वाटतं. 'दिसलं' आणि 'नाही' यांच्यामध्ये कुठे रेघ ओढायची, हे त्या क्षणी मीच ठरवत होते.

एवढी सगळी काळजी घेतल्यावर माझ्या उत्तरांची चमक उतरली. बरोबर उत्तरं चुकीच्यांपेक्षा जास्त राहिली, पण भाची कुणाला अभिमानाने दाखवेल इतकी नाहीत. गोल स्थिर ठेवला तर माझ्याकडे काहीच नसायचं. वेगाने हलवला की 'झालं' यायचं, आणि ते आलं तर दिशा बहुधा बरोबर असायची. वाइसक्रांझ यांनी पुढे दोन प्रकार वेगळे केले होते: एकात कसलीच जाणीव नसते तरी उत्तर बरोबर येतं, दुसऱ्यात दिसल्याशिवाय काहीतरी घडल्याची जाणीव होते. माझं जे काही आहे ते दुसऱ्यातलं.

हे येतं कुठून? डोळ्यातून निघालेल्या तंतूंपैकी सुमारे एक दशांश दृष्टिकेंद्राच्या वाटेला जातच नाहीत. ते मध्यमेंदूत उतरतात, नजर आणि मान वळवण्याचं काम करणाऱ्या जुन्या केंद्राकडे. शिवाय थॅलॅमसमधल्या त्या थांब्यावरून एक पायवाट दृष्टिकेंद्राला वळसा घालून थेट हालचाल ओळखणाऱ्या भागाकडे जाते. ऑक्सफर्डमधल्या २०१५ च्या अभ्यासात, ज्या रुग्णांना आंधळ्या बाजूचं न दिसता ओळखता येत होतं, त्यांच्यात ही पायवाट शाबूत आढळली. ज्यांना येत नव्हतं, त्यांच्यात नव्हती. या वाटा तुमच्याही डोक्यात आत्ता चालू आहेत. दृष्टिकेंद्राच्या गलबल्यात त्यांचं वेगळं काही जाणवत नाही, इतकंच.

टी. एन. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाची दोन्ही बाजूंची दृष्टिकेंद्रं पक्षाघाताने गेली होती. २००८ मध्ये संशोधक बिआट्रिस द गेल्डर आणि सहकाऱ्यांनी त्याला अडथळे मांडलेल्या बोळातून काठीशिवाय चालायला सांगितलं. तो प्रत्येक अडथळा टाळत गेला, आणि आपण काही टाळलं हे त्याला माहीत नव्हतं. हे ऐकून यजमान म्हणाले, "मग तुलाही रस्त्यात जमेल की." इथे मात्र भाचीने त्यांना चांगलंच खडसावलं, आणि तिचं बरोबर होतं. डी. बी. यांना कुणीतरी 'ओळख बघू' म्हणावं लागत होतं. रस्त्यात तसं विचारणारं कुणी नसतं. न दिसता कळलेली गोष्ट आपणहून कामाला येत नाही. तिच्यावर विसंबून बेत करता येत नाही, थांबायचं की जायचं ते ठरवता येत नाही. आणि आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणजे रस्ता ओलांडताना पहिली गाडी उजवीकडून येते, नेमकी माझ्या नसलेल्या बाजूने. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली तेव्हा मी वाद घातला नाही. पुण्यात स्कूटर सोडणं सोपं नाही, पण माझ्यामुळे कुणाचा पोरगा खाली आला असता तर? आता ओलांडण्याआधी खांद्यापर्यंत मान उजवीकडे वळवते, मग पुन्हा एकदा वळवते, मगच पाऊल.

खरं काम झालं ते सवयीच्या सरावाने. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्याची नजर पुढची अक्षरं आधीच चाचपत असते. उजवी बाजू गेली की नजरेच्या उड्या आखूड होतात आणि वाचन रखडतं. लंडनमध्ये यासाठी उजवीकडून डावीकडे सरकणारा मजकूर वाचायचा व्यायाम तयार केला गेला आहे. तो इंग्रजीत. मराठीत कुठून आणायचा? भाचीने टीव्ही लावला आणि बातम्यांच्या वाहिनीवर खाली सरकणाऱ्या पट्टीकडे बोट दाखवलं. आवाज बंद करून मी ती पट्टी रोज वाचत बसायची. सुरुवातीला प्रत्ययच निसटायचे, मग हळूहळू नजर पुढे झेपावून शब्दाचं टोक पकडायला शिकली. कागदावर उजव्या समासात लाल उभी रेघ मारते. ती दिसेपर्यंत ओळ संपली असं मानायचं नाही. खूप थकले की पान आडवं फिरवते, म्हणजे ओळी वरून खाली धावतात आणि शब्दाचा शेवट आंधळ्या बाजूला जात नाही. हे सुरुवातीला विचित्र वाटतं, पण चुका शोधायला चक्क चांगलं आहे, कारण ओळखीचं शब्दरूप मोडलं की मन भरून काढायचं थांबतं.

दुसऱ्या फील्ड टेस्टमध्ये केंद्राच्या खालच्या बाजूला काळं थोडं मागे सरकलेलं दिसलं. पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहून थोडंफार सावरतो, शिवाय टेस्ट द्यायचाही सराव होतो, त्यामुळे त्यातलं खरं किती ते इतक्यात ठरवू नका, असं डॉक्टर म्हणाले. मी पुन्हा काम घेते आहे. एका फॉर्म्याला, म्हणजे छपाईच्या पानांच्या एका गठ्ठ्याला, पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. औषधं आणि मात्रा यांच्याविषयीची पुस्तकं घेत नाही. प्रकाशकांना कारण सांगितलंय, त्यांनी ते समजून घेतलं.

पुढच्या टेस्टला एक गोष्ट विचारणार आहे. जाणिवेवरच्या संशोधनात 'दिसलं' आणि 'नाही' एवढ्यावर भागवत नाहीत. रॅमसॉय आणि ओव्हरगार्ड यांनी २००४ मध्ये चार पायऱ्यांची मोजपट्टी मांडली: काहीच नाही, ओझरतं काहीतरी, जवळजवळ स्पष्ट, स्पष्ट. दवाखान्याच्या यंत्राला नुकसान कुठवर आहे तेवढंच हवं असतं, तिथे एक बटण पुरतं, हे मला मान्य आहे. पण पक्षाघाताच्या रुग्णाची पहिली टेस्ट झाल्यावर कुणीतरी शेजारी बसून 'न दिसता काही जाणवलं का?' एवढं विचारायला आणि ते कागदावर लिहायला काय हरकत आहे? आमच्या घरच्या वहीत तसा रकाना भाचीने केव्हाच आखलाय.